तुम्ही विचारलंत म्हणून: न बोलणाऱ्या मारिओचा आवाज

मी डबिंग करते. बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांच्या मुलग्यांचे आवाज. हे कळलं की समोरचा माणूस आधी "एखादं वाक्य म्हणून दाखवा ना" म्हणतो आणि थोड्या वेळाने, व्हिडिओ गेम्सचा विषय निघाला की, तो ठरलेला प्रश्न येतो. "तो मारिओ तर बोलतच नाही. 'याहू' आणि 'मम्मा मिया' म्हणायला नट कशाला लागतो? आणि तो नट बदलला तर जगभर एवढा गहजब कशाला?"

मारिओ म्हणजे निंटेंडो या जपानी कंपनीच्या व्हिडिओ गेम्सचा मिशीवाला हिरो. उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही म्हणून मी हसून वेळ मारून नेते. आज बसून सांगते.

आमच्या कामात संवाद वेगळे आणि रिॲक्शन्स वेगळ्या. संवाद म्हणजे कागदावर लिहिलेलं. रिॲक्शन्स म्हणजे धापा, हुंदके, ठेचकाळणं, उडी मारणं, गरम चहाने जीभ पोळणं. त्या सहसा शेवटी घेतात, कारण त्यांनी गळा जातो आणि मग त्या दिवशी दुसरं काही करता येत नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात एकदा दिग्दर्शक म्हणाले, "आता कड्यावरून पड." मी पडले. काचेपलीकडून आवाज आला, "बाई, तू विहिरीत पडलीस. मला दरीत पडलेली हवीय." पुढचा अर्धा तास मी नुसती पडत होते. विहीर आणि दरी यांतला फरक शब्दांत सांगता येत नाही, पण कानाला तो लगेच कळतो. संवादात शब्द तुम्हाला धरून ठेवतात, अर्थ अर्धं काम करतो. रिॲक्शनमध्ये धरायला काहीच नसतं. जे काही असतं ते फक्त तुम्ही.

मारिओ हा जवळजवळ सगळाच्या सगळा रिॲक्शन्सचा बनलेला आहे. म्हणून तो सोपा वाटतो आणि म्हणूनच तो अवघड आहे.

त्याचा आवाज त्याच्या तोंडाच्या कितीतरी आधी जन्मला. 1981 साली 'डाँकी काँग'मध्ये तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याला धड नावही नव्हतं. जंपमॅन म्हणायचे, म्हणजे उडीवाला. मिशी दिली ती एवढ्याशा ठिपक्यांत तोंड काढता येईना म्हणून. ज्याला ओठच काढलेले नाहीत त्याने बोलायचं कशाने? पण उडीला आवाज होता.

1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ही उडी नीट ऐका. तो अख्खा गेम 40 किलोबाइटचा. टेलिफोनवर येतो तसला बोलण्याचा आवाज साठवायचा तर एका सेकंदाला 8 किलोबाइट लागतात, म्हणजे पाच सेकंद बोलला असता तर गेमला जागाच उरली नसती. तेव्हा बोलणं हा विषयच नाही. सूर काढायला यंत्राकडे मोजून तीन वाटा, चौथी खरखरीची. कोजी कोंदो यांचं संगीत याच वाटांवरून चालायचं आणि उडीचा आवाजही त्यांतल्याच एकीवरून. मारिओ उडाला की त्या वाटेवरचं संगीत तेवढ्यापुरतं गप्प बसतं आणि उडी संपली की परत सुरू होतं. गायकाने मध्येच तान घ्यावी आणि एका साजिंद्याने हात थांबवावा, तसं.

मला सगळ्यांत आवडते ती यातली पुढची गोष्ट. छोट्या मारिओची उडी आणि मशरूम खाऊन मोठ्या झालेल्या मारिओची उडी यांचे आवाज एक नाहीत. छोट्याची पट्टी वर आहे, मोठ्याची खाली. बहुतेक खेळणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, पण बोटांना ते कळलेलं असतं. अंग जड झालं की आवाज खाली येतो, हे लहान मुलाचा आवाज काढणाऱ्या कुणालाही पहिल्या महिन्यात शिकावं लागतं. इथे एका चिपने ते केलं होतं. माझ्या मते मारिओचा पहिला नट म्हणजे ती चिप.

मधल्या काळात टीव्हीवाल्यांनी त्याला बोलतं केलं, पण ते आवाज उसने होते. 1983 च्या एका अमेरिकी कार्टूनमध्ये तो पीटर कलन यांचा होता. हेच पुढे 'ट्रान्सफॉर्मर्स'मधल्या ऑप्टिमस प्राइम या रोबोचा आवाज झाले. 1989 च्या टीव्ही-मालिकेत तो कुस्तीच्या रिंगणातून आलेल्या लू अल्बानोंचा. 1993 च्या चित्रपटात बॉब हॉस्किन्सचा. जाड, घोगरे, ब्रुकलिनच्या गल्लीतले आवाज. कागदावर बरोबरच होते की, मिशीवाला पोटसुट्या प्लंबर आणखी कसा बोलणार? फक्त त्यांतला एकही आवाज उडी मारताना माझ्या डोळ्यांपुढे येत नाही.

मग चार्ल्स मार्टिने, ज्यांचा गळा पुढे खेळांतल्या मारिओचा झाला. त्यांच्या ऑडिशनची गोष्ट त्यांनीच अनेकदा सांगितली आहे. मित्राकडून कळलं म्हणून ते आगंतुकासारखे पोचले, तोवर तिथली मंडळी सामान आवरायला लागली होती. त्यांना सांगितलं गेलं: तुम्ही ब्रुकलिनचे इटालियन प्लंबर, बोला. आधी त्यांच्या मनात तोच घोगरा आवाज आला. मग वाटलं, मुलं घाबरतील. शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू'मध्ये त्यांनी ग्रेमिओची भूमिका केली होती. तो इटालियन म्हातारा त्यांनी उचलला, तरुण केला, पट्टी वर नेली आणि पिझ्झा, स्पगेटी असं काहीबाही बोलत सुटले ते टेप संपेपर्यंत. आपल्यातला कुणीही हे ऐकून मान डोलावेल. घोगऱ्या आवाजात वर जायला जागाच नसते. उडीला वरची जागा लागते. त्या एका क्षणात त्यांनी जे टाळलं, त्यात अर्धं काम झालं.

आता यातली गंमत बघा. त्यांना मिळालेलं पहिलं काम होतं अखंड बोलण्याचं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला व्यापारी प्रदर्शनांमध्ये पडद्यावर मारिओचं नुसतं डोकं तरंगायचं. मार्टिने आड बसलेले, चेहऱ्यावर हालचाली टिपणारी यंत्रं चिकटवलेली. समोरून कोण जातंय ते त्यांना कॅमेऱ्यातून दिसायचं आणि ते त्याला हाक मारून गप्पा हाणायचे. म्हणजे जगातल्या सगळ्यांत मितभाषी हिरोचा आवाज घडला तो वटवट करून. त्या गप्पांतून हा माणूस कशावर हसतो, कशाला दचकतो, हे त्यांच्या गळ्यात मुरलं असणार. माझ्याकडे याचा पुरावा नाही, अनुभव आहे. ज्या पात्राच्या तोंडी मी भरपूर संवाद बोलले, त्याचा नुसता उसासाही मला जमतो. ज्याचे फक्त उसासे मिळाले, त्याचे तेही जमत नाहीत.

1996 मध्ये 'सुपर मारिओ 64' आला. सीडीवर तेव्हा साडेसहाशे मेगाबाइटच्या आसपास मावायचे, पण हा खेळ कार्ट्रिजवर होता आणि ती 8 मेगाबाइटची. वर्षानुवर्षं गप्पा मारलेला माणूस आता छोट्या छोट्या तुकड्यांत चिरून बसवायचा होता. सुरुवातीला राजकन्या पीचचं पत्र ऐकू येतं, ते निंटेंडोच्या अमेरिकी शाखेत भाषांतराचं काम करणाऱ्या लेस्ली स्वान यांच्या आवाजात. आणि त्याच्याही आधी मारिओ. पडद्यावर त्याचं मोठं तोंड, "इट्स-अ मी, मारिओ!" त्यानंतर वाक्यं जवळजवळ संपतात आणि खरं काम सुरू होतं.

साध्या उडीला 'या', 'वा', 'हू' यांतलं काहीतरी. लागोपाठ तिसऱ्या, सगळ्यांत उंच उडीला 'याहू', पण दर वेळी नाही. मध्येच 'वाहा', मध्येच 'यिप्पी'. हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, म्हणून एकच मारिओ तासन्‌तास उडूनही कान किटत नाहीत. जपानी मूळ आवृत्तीत आवाजाचे तुकडे कमी होते, अमेरिकी आवृत्तीत वाढवले. जीव कमी उरला की तो धापा टाकतो. लाव्हात बसला की बूड धरून किंचाळत उडतो. आणि तुम्ही हात बाजूला ठेवून त्याला काहीच करायला लावलं नाही, तर बसतो, पेंगतो, आडवा होतो आणि झोपेत स्पगेटी, रॅव्हिओली अशी पदार्थांची नावं पुटपुटतो. मला विचाराल तर मार्टिनेंच्या सगळ्या कामातलं हे सर्वोत्तम. जागेपणी त्याच्या तोंडून शब्द फारसे निघत नाहीत, झोपेत निघतात.

एका ठिकाणी मात्र गडबड झाली. खलनायक बाउझरला शेपटीला धरून गरागरा फिरवून फेकताना तो काय म्हणतो यावर लोक वर्षानुवर्षं भांडले. "सो लाँग, गे बाउझर" असं असंख्यांना ऐकू आलं. मार्टिनेंनी 2019 साली सांगितलं की ते "सो लाँग, किंग-अ बाउझर" आहे. त्याआधीच 1997 च्या जपानी सुधारित आवृत्तीत तिथे साधं 'बाय-बाय' घातलं गेलं होतं आणि जुन्या मारिओ खेळांच्या 2020 च्या संग्रहातही तेच आहे. मला यात नवल वाटत नाही. दाबून छोटा केलेला आवाज, त्यात लहेजा, त्यात दम लावून म्हटलेलं. व्यंजनं सगळ्यांत आधी मरतात. मारिओ शब्द बोलायला गेला की घोळ होतो, हे त्या एका वाक्याने दाखवून दिलं.

शेजारच्या घरात उलटं चित्र आहे. सेगा या कंपनीच्या खेळांचा हिरो सॉनिक घडाघडा बोलतो. जपानी खेळांत 1998 पासून जुनइची कानेमारू हा एकच गळा. इंग्रजीत मात्र रायन ड्रमंड, मग जेसन ग्रिफिथ, 2010 पासून रॉजर क्रेग स्मिथ, आणि सिनेमात बेन श्वार्ट्झ निराळेच. प्रत्येकाचे कैवारी वेगळे आणि ते एकमेकांशी वाद घालतात. पण 'हा सॉनिकच नव्हे' असं सहसा कुणी म्हणत नाही, कारण वाक्यांचा उद्धटपणा तोच राहतो. संहिता त्याला सांभाळून घेते. मारिओला सांभाळायला संहिता नाही.

म्हणून 2023 मध्ये गंमत झाली. एप्रिलमध्ये मारिओचा नवा ॲनिमेशनपट आला आणि त्यात ख्रिस प्रॅट मारिओ. हे नाव 2021 मध्ये जाहीर झालं तेव्हापासून टीका चालू होती. प्रॅटचं काम वाईट नाही. त्यांच्यापुढची अडचण वेगळी होती: दीड तास बोलायचं, भावाची काळजी करायची, बापाशी वाद घालायचा. मार्टिनेंच्या पट्टीत ते दीड तास ऐकवलं असतं का? मला नाही वाटत. चित्रपटवाल्यांनाही वाटलं नसावं. सुरुवातीच्या जाहिरातीपुरता त्यांनी तो इटालियन हेल ठेवला आणि मार्टिनेंना मारिओच्या बापाचा आणि जुसेप्पे नावाच्या एका गिऱ्हाइकाचा आवाज दिला.

त्याच वर्षी जूनमध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'ची झलक दाखवली गेली. काही सेकंदांचे हुंकार, आणि तेवढ्यावरून लोकांनी ओळखलं की हा गळा वेगळा आहे. 21 ऑगस्टला निंटेंडोने जाहीर केलं की मार्टिने आता आवाज देणार नाहीत, 'मारिओ ॲम्बॅसेडर' म्हणून फिरतील. तेव्हा ते 67 वर्षांचे होते. ऑक्टोबरात गेम आला, नवं नाव कळलं: केव्हिन अफगाणी. मारिओ आणि त्याचा भाऊ लुइजी, दोघेही त्यांच्याकडे.

दीड तास पूर्ण वाक्यं बोलणाऱ्या प्रॅटना लोकांनी 'सिनेमाचा मारिओ' म्हणून वेगळं काढून ठेवलं. अर्ध्या सेकंदाचा 'याहू' देणाऱ्या अफगाणींना ती सवलत नाही. त्यांना तोच मारिओ व्हायचं आहे. माझ्या कामात मला हे दोन्ही बाजूंनी माहीत आहे. एका मालिकेतला मुलगा मी चार वर्षं केला आणि पाचव्या वर्षी दुसरीला घेतलं. मला कुणी कळवलंही नाही, टीव्ही लावल्यावर कळलं. तिचे संवाद ऐकताना मला काहीच खटकलं नाही. मग तो मुलगा हसला आणि मी उठून आत गेले.

तर मागच्या सुट्टीत भाच्याने माझी परीक्षा घेतली. "मावशी, तू यातली ना? मग ओळख." मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. जुन्या गेममधल्या पाच उड्या, नव्यातल्या पाच, उलटसुलट करून. मी सहा बरोबर सांगितल्या, त्यातल्या दोन चक्क अंदाजाने. मग तो बसला आणि मी लावल्या. दहापैकी नऊ. चुकलेल्या एकालाही तो म्हणाला, "थांब, परत लाव," आणि बदललं असतं तर दहा झाले असते.

"कसं ओळखतोस?"

त्याने जरा विचार केला. "जुना वर गेल्यावर हसतो. नवा हसत हसतच निघतो."

मी हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा. तोवर त्याने पुढचं जग सुरू केलं होतं, आणि मला म्हणाला, झालं असेल तर दुसरा कंट्रोलर घे.