लातुरात चहाचं हॉटेल टाकताना

लातुरात क्लासेसच्या भागात मी बरीच वर्षं पोरांचे डबे केले. पोरं गावाकडून येतात, रविवारी त्यांना भेटायला आईबाप येतात. वडील टपरीवर उभ्याउभ्या चहा घेतात आणि आई मांडीवर पिशवी धरून कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर बसते. हे बघून बघूनच मनात आलं की आपण बसायची जागा असलेलं हॉटेल टाकावं. आपल्याकडच्या चहाच्या हॉटेलात एकटी बाई शिरत नाही. कुणी तसा नियम केलेला नाही, पण आहे.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण लोक त्यालाच जास्त घाबरतात. मोजकेच कामगार असतील तर शॉप ॲक्टचा परवाना लागत नाही, ऑनलाइन नुसती सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. 2017 च्या कायद्यापासून तसं आहे. अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र टपरीलासुद्धा लागते. मी केली तेव्हा छोट्या धंद्याला वर्षाला 100 रुपये फी होती. 14 आकडी नंबर येतो, तो दर्शनी भागात लावायचा. ह्या 100 रुपयांच्या कामाचे एका नेटकॅफेवाल्यानं सातशे मागितले, मग भाच्यानं मोबाइलवरच अर्ज भरला. लाइटबिल जागामालकाच्या नावावर होतं, म्हणून भाडेकरार जोडला. गॅस 19 किलोचा कमर्शियलच घ्यावा. घरातली लाल टाकी हॉटेलात चालत नाही, आणि शेजारचा कोण कधी तक्रार करील सांगता येत नाही.

खरं डोकं खाल्लं ते पाण्यानं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते दिवस मी डबे करत काढलेत, त्यामुळे टंचाईची सवय होती. चहाला कुठलं पाणी चालतं ह्याचा विचार मात्र कधी केला नव्हता. आमच्या बोअरचं पाणी जड. त्यात चहा केला की वर पातळ तवंग धरतो, कपाला तपकिरी कडं राहतं, आणि पत्ती कितीही टाका, रंग मळकटच. पाण्यातल्या क्षारांचा तो प्रताप, त्यात पत्तीवाल्याचा दोष नाही. मी उगाच दोन दुकानं बदलली होती. आता चहाला आणि प्यायला जारचं पाणी, फरशी नि भांडी बोअरवर. जारचा खर्च धरूनच चहाचा भाव ठरवावा लागतो.

चहा घरोघरी होतो. पण हॉटेलातला चहा सकाळी सहाला लागतो तसाच रात्री नऊला लागायला पाहिजे, म्हणून अंदाज बंद केला आणि वजनकाटा आणला. एका खेपेला अर्धा लिटर पाणी, तेवढंच म्हशीचं दूध, 25 ग्रॅम पत्ती. पत्ती आसामची सीटीसी, दाणेदार, त्यात थोडी डस्ट, म्हणजे बारीक भुकटी. डस्ट रंग पटकन सोडते, चव दाण्याची. नुसत्या डस्टवर धंदा करणारे आहेत, स्वस्त पडतं, पण दुसऱ्या घोटाला जीभ आखडते. अद्रक ठेचून आधी पाण्यात खळखळ उकळायचं, दूध मागून. कच्च्या अद्रकात दूध फाडणारं एन्झाइम असतं, ते उकळीनं निकामी होतं. गुळाचा चहा मागणारे वाढलेत. गूळ उकळत्या दुधात टाकायचा नाही, भगुणं खाली उतरवून मग विरघळवायचा. तरीही एखादा गूळ दगा देतोच. म्हणून नवी ढेप आली की पहिल्यांदा वाटीभर दुधात खडा टाकून बघते, मगच ती ओट्यावर येते. आणि सकाळचं भगुणं दुपारपर्यंत मंद आचेवर ठेवून तोच चहा 'कडक' म्हणून खपवणं मला पटत नाही. उरला तर ओतून द्यावा.

बसण्याचं सांगायचं तर, फॅमिली रूम करा, पडदा लावा, असा सल्ला बहुतेकांनी दिला. मी पडदा लावला नाही. पडद्याआड बसवलं की बाई जास्तच अवघडते, बाहेरचेही वाकून बघतात. त्यापेक्षा गल्ल्यावर मी स्वतः बसले. बिडी-सिगारेट ठेवली नाही. त्यानं सकाळचं बरंच गिऱ्हाईक शेजारच्या टपरीवर गेलं, ते अजून तिकडेच आहे. आणि सगळ्यात जास्त पैसा संडास-बाथरूमवर घातला. पाण्याची टाकी, लाइट, आतून नीट लागणारी कडी. चार तास एसटीत बसून आलेल्या बाईला चहाच्या आधी तेच लागतं, ती फक्त तोंडानं विचारत नाही. पहिल्यापहिल्यांदा बायका दारातच थांबून "हितं बसलं तर चालतंय का?" म्हणायच्या. मग मी काही न बोलता टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवायला लागले. तांब्या ठेवला की माणूस बसतो. म्हाताऱ्यांना बशी लागतेच, म्हणून काचेच्या ग्लासांबरोबर कपबशाही ठेवल्यात. फुटतात फार.

रमजानमध्ये रात्री उशिरापर्यंत भगुणं उतरत नाही. एकादशीला चहा नेहमीसारखाच जातो, खारी-टोस्ट पडून राहतात.

पोरांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. एक हाफ चहा सांगायचा आणि फिजिक्सचं पुस्तक उघडून दोन तास. संध्याकाळी पाच ते सात पुस्तक बंद, एवढंच सांगितलंय. एरवी बसा म्हणते, डब्यापासूनची ओळख आहे. मेडिकलच्या प्रवेशाचा 'नीट'चा पेपर झाला की ही पोरं एकदम गावाकडं जातात, वर उन्हाचा कहर, आणि नवी बॅच येईपर्यंत भाडं खिशातून भरावं लागतं. यंदा त्या दिवसांत ताक आणि लिंबू सरबत ठेवून बघणार आहे.