आमची वाटचाल: वागळे इस्टेटमधली एसईओ फर्म

ठाण्यात वागळे इस्टेटच्या एका गाळ्यात आम्ही काम सुरू केलं, तेव्हा एसईओ (गूगलवर शोधताना वेबसाइट वर दिसावी यासाठीचं काम) म्हणजे वेबसाइटींच्या डिरेक्टऱ्यांत नोंदी करणं, पानात कीवर्ड (लोक शोधताना टाइप करतात ते शब्द) पेरणं आणि महिनाअखेरीस रँकिंगचा तक्ता पाठवणं. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलचा पांडा, म्हणजे निकालांची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीतला एक बदल, आला आणि भरताड मजकुराची पानं मागे पडली. एप्रिल २०१२ मध्ये तसाच दुसरा बदल, पेंग्विन आला, क्रमांक वाढवण्यासाठी इतर साइटींवरून विकत घेतलेल्या लिंकांचा धंदा त्यानं बुडवला. आमच्या ओळखीतल्या काहींनी तेव्हा हे क्षेत्रच सोडलं.

आमच्या कामाला वळण लावलं ते रबाळे एमआयडीसीतल्या एका स्प्रिंग बनवणाऱ्या ग्राहकानं. त्यांच्या वेबसाइटवर ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर’ यापलीकडे काही नव्हतं. आमची एक सहकारी त्यांच्या ऑफिसात बसून येणारे फोन ऐकू लागली. समोरचा माणूस तुटकी स्प्रिंग हातात घेऊन विचारायचा, “अश्शीच पाहिजे, माप कसं घेऊ?” मालक न कंटाळता सांगायचे: तारेची जाडी व्हर्नियरनं घ्या, मग बाहेरचा व्यास, दाब न देता लांबी, आणि वेढे मोजा. क्लोराइडशी (जसं खाऱ्या पाण्याशी) संबंध येणार असेल तर ३०४ पेक्षा ३१६ स्टील बरं, ते गंजाला जास्त दाद देत नाही. हे सगळं आम्ही फोटोंसकट, त्यांच्याच शब्दांत पानावर घातलं. त्यानंतर चौकशीच्या मेलमध्ये मापं आधीच लिहिलेली येऊ लागली. मालकांना त्याचं केवढं अप्रूप!

मधल्या काळात मोबाइलवर पान नीट दिसणं आलं, २०२१ मध्ये पानाच्या वेगाची मोजमापं आली. ती कामं डेव्हलपरला सोबत घेऊन उरकता येतात.

खरा बदल आता चालू आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, २०२४ मध्ये गूगलचं एआयनं लिहिलेलं उत्तर भारतातही निकालांच्या वर दिसू लागलं. ‘स्प्रिंग म्हणजे काय’ असल्या प्रश्नाला आता कोण कशाला क्लिक करेल? म्हणून एसईओ संपलं, असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. एआयला उत्तर जुळवायलाही कुणीतरी अनुभवातून लिहिलेलं लागतंच. गूगलनं डिसेंबर २०२२ मध्ये शोधनिकालांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांच्या मार्गदर्शिकेत ‘अनुभव’ हा निकष घातला, तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. कारागिराच्या तोंडी असलेलं ज्ञान कागदावर आणणं हेच आता आमचं मुख्य काम आहे. माणसं घेतानाही आम्ही टूल येतात का, हे नंतर बघतो. आधी बघतो ते समोरच्याला बोलतं करता येतं का.

नव्या ग्राहकाला पहिल्याच भेटीत दोन गोष्टी सांगतो. पहिल्या क्रमांकाची हमी आम्ही देत नाही, आणि दर महिन्याला आमचं माणूस एक दिवस तुमच्या कारखान्यात बसेल. दुसरी अट मान्य नसेल, तर काम घेत नाही.