कालच्यापेक्षा आज काय बदललं?

दार उघडलं, तिघं जण एक पेटी ढकलत भरभर बाहेर आले आणि त्यांच्यातली सिस्टर चालता चालताच म्हणाली, "तुम्ही बाबा ना? मुलगी आहे. चला आमच्याबरोबर." बायको अजून आत टेबलावरच होती. मी क्षणभर त्या दाराकडे पाहिलं आणि पेटीमागे निघालो. पुढचे चार दिवस माझं हेच चाललं होतं. एका मजल्यावर ती, दुसऱ्या मजल्यावर बाळ आणि मी जिन्यात.

२८ आठवडे ३ दिवस, वजन १,०४० ग्रॅम. दिवस भरायला जवळजवळ १२ आठवडे बाकी होते. बायकोचं ब्लडप्रेशर औषधांना दाद देईना, लघवीतून प्रोटीन जायला लागलं, आणि आणखी थांबलो तर दोघींच्याही जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्याआधी दोन दिवस मिळाले हे आमचं नशीब. त्या दोन दिवसांत तिला २४ तासांच्या अंतराने स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं दिली. टोचतात आईला, पण ती असतात बाळाच्या फुप्फुसांसाठी. त्यांचं मोल मला नंतर कळलं.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हात कोपरापर्यंत धुऊन, गाऊन चढवून मी पेटीजवळ, म्हणजे इन्क्युबेटरजवळ, गेलो. ऊब टिकावी म्हणून तिला पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलं होतं. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा मोजता याव्यात. तोंडात नळी. चेहरा एकदम आक्रसला, हनुवटी थरथरली, तोंड उघडलं. ती रडत होती, पण आवाज नव्हता. नळी स्वरयंत्रातून जाते, त्यामुळे आवाज फुटत नाही, असं सिस्टरने सांगितलं. त्या दोन महिन्यांत पुष्कळ काही पाहिलं, पण आवाजाशिवाय रडणारं ते तोंड मला आजही सगळ्यात आधी आठवतं.

श्वास सोडल्यावर फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांना आतून एक निसरडा थर लागतो. तो पुरेसा तयार होतो गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत. आमच्या मुलीकडे तो नव्हता. तासाभरात त्या नळीतून सर्फॅक्टंट नावाचं औषध थेट तिच्या फुप्फुसात सोडलं. मी नंतर याबद्दल वाचत गेलो. १९६३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला, आमच्या लेकीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा. तो याच आजाराने दोन दिवसही जगला नाही, कारण तेव्हा हे औषधच नव्हतं. १९८० मध्ये जपानमधल्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून केलेलं सर्फॅक्टंट १० बाळांना दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि तिथून चित्र पालटलं. कुठल्या कोण माणसांनी केलेलं काम माझ्या पोरीच्या छातीत उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी नळी निघाली आणि ती नाकावरच्या सीपॅपवर आली, म्हणजे श्वास तिचा, यंत्राने फक्त हवेचा दाब धरून ठेवायचा.

पहिल्या रात्री मी बायकोकडे गेलो तेव्हा तिने एकच विचारलं, "कशी आहे?"

"छान आहे."

"खोटं नको सांगू. तिला काय काय लावलंय ते सांग."

मला नीट सांगता आलं नाही. मी परत खाली गेलो, एक वही घेतली आणि दिसेल ते लिहून काढलं: ऑक्सिजन किती टक्के, नाळेतून गेलेली बारीक नळी, छातीला तीन वायरी, पायाला लाल दिव्याचा पट्टा. बेडवर पडल्या पडल्या तिने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "आता दिसली मला." वही अशी सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी डोक्याची सोनोग्राफी झाली. अशा बाळांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात आणि रक्तस्राव झालाच तर बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच होतो, म्हणून ही तपासणी सगळ्यांचीच करतात. एक तरुण डॉक्टर दारातून जाता जाता मला म्हणाला, "डोक्यात थोडं ब्लीडिंग दिसतंय, बघू." आणि गेला. संध्याकाळपर्यंत मी हे कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. संध्याकाळी मोठ्या मॅडमनी मला खुर्चीत बसवलं, कागदावर मेंदू काढून दाखवला. पहिल्या श्रेणीचा, म्हणजे सगळ्यात सौम्य प्रकारचा रक्तस्राव, मेंदूतल्या पोकळीच्या आत न शिरलेला. पुन्हा सोनोग्राफी करून लक्ष ठेवायचं, बस्स. दहा मिनिटांचं काम होतं. ती दहा मिनिटं न देता अर्धं वाक्य फेकून जाणं हा अन्याय आहे असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. आईबाप त्या अर्ध्या वाक्यावर सहा तास काढतात.

त्या रात्रीच्या ड्यूटीला एक वयस्क सिस्टर होत्या. मी दर वेळी "कशी आहे?" विचारायचो आणि उत्तर यायचं, "स्टेबल आहे." त्या म्हणाल्या, "बाबा, कशी आहे असं विचारलंत तर आम्ही स्टेबलच म्हणणार. कालच्यापेक्षा आज काय बदललं ते विचारा." मी तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. एनआयसीयूत मला मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट तीच. उत्तर लगेच नेमकं यायला लागलं: सीपॅपचा दाब ६ वरून ५ वर आणला, दूध दर फीडला एक मिलिलिटर वाढवलं, रात्री दोनदा श्वास थांबला.

आकड्यांचंही शिकावं लागतं. चौथ्या दिवशी मॉनिटरवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, ९९ दिसलं. मला वाटलं पैकीच्या पैकी मार्क. मी आनंदाने सिस्टरला दाखवलं तर तिने लगेच ऑक्सिजन कमी केला. बाहेरून ऑक्सिजन घेणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला साधारण ९० ते ९५ मध्येच ठेवायचं असतं, कारण जादा ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ बिघडवतो. १९४० च्या दशकात अशा बाळांना ऑक्सिजन सढळ हाताने दिला जायचा आणि त्यात हजारो मुलांची दृष्टी गेली. कारण हाती लागलं ते १९५० च्या दशकात. त्यानंतर मी ९९ बघून कधी खूश झालो नाही.

वजन आधी उतरलं. १,०४० चं पाचव्या दिवशी ९३०. असं होतं, जादा पाणी निघून जातं, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. तरी आपल्या लेकीच्या नावापुढे तीन आकडी वजन लिहिताना माझा हात थांबला. तेराव्या दिवशी १,०५०. त्या पानावर बायकोने स्वतःच्या हाताने तारीख घातली आहे.

आणि दूध. बायकोने दर तीन तासांनी दूध काढलं, रात्रीसुद्धा. पहिल्या दिवशी चिकाचे चारदोन पिवळे थेंब सिरिंजमध्ये आले, तेव्हा तिला रडू कोसळलं, "एवढंसंच?" मी ती सिरिंज घेऊन खाली गेलो. सिस्टर म्हणाली, "वा, सोनं आणलंत." तिने कापसाच्या बोळ्याने दोन थेंब बाळाच्या गालाच्या आतून फिरवले. दुसऱ्या दिवसापासून दर दोन तासांनी एक मिलिलिटर, तोंडातून पोटात गेलेल्या नळीने. दट्ट्या काढलेली सिरिंज नळीला जोडून सिस्टर वर धरायची आणि दूध आपसूक खाली उतरायचं. पुढे दुधाचं प्रमाण वाढलं तेव्हा मलाही धरू दिली. हात किती उंच धरायचा यावर दूध किती सावकाश जाईल ते ठरतं. मी श्वास रोखून ती पातळी उतरताना बघायचो.

नवव्या दिवशी सिस्टरने विचारलं, "आई, आज छातीवर घेता?" बायको घाबरली. सीपॅपची नळी, वायरी, सलाईन, हे सगळं घेऊन तिला पेटीबाहेर काढायचं? दोन सिस्टरनी मिळून बाळाला उचललं आणि फक्त लंगोट आणि टोपी घातलेल्या पोरीला तिच्या उघड्या छातीवर बेडकासारखं पालथं ठेवलं, वर पांघरूण घातलं. मॉनिटर दोनचार मिनिटं ओरडला. मग आकडा ९३ वर येऊन बसला तो बसलाच. तासाभरात यंत्राच्या हवेतला ऑक्सिजन २८ टक्क्यांवरून २४ वर आणता आला. मी ते लिहून ठेवलं आहे.

कांगारू केअरची सुरुवात कोलंबियात बोगोटा इथे १९७८ च्या सुमारास एडगर रे या डॉक्टरांनी केली, पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. पण ती पेटीची बदली नाही. २०२१ मध्ये पाच देशांतल्या ३,००० हून अधिक बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: १ ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मल्यावर लगेच असं छातीवर घेतलं तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. अभ्यास मुदतीआधीच थांबवला, इतका फरक दिसत होता. म्हणून मी प्रत्येक आईबापाला सांगतो, कुणी विचारायची वाट बघू नका, तुम्हीच विचारा. आणि बाबांनी पण घ्यावं. माझ्या छातीवर ती पहिल्यांदा आली तेव्हा मला वजन जाणवलंच नाही, फक्त ऊब जाणवली आणि बारीक बारीक श्वास.

ते श्वास मधेच थांबायचे. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं, बाळ श्वास घ्यायचं विसरतं, पाठोपाठ हृदयाचे ठोके पडतात आणि अलार्म वाजतो. त्यासाठी तिला रोज कॅफिन चालू होतं, हो, तेच कॉफीतलं. सिस्टर येऊन तळपायावर बोट घासायची की गाडी पुन्हा सुरू. पहिल्यांदा माझे पाय लटपटले. विसाव्या वेळी मी आधी बाळाकडे आणि मग मॉनिटरकडे बघायला लागलो.

सोळाव्या दिवशी दुपारी बायकोने तिला छातीवर घेतलं आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आज ही पकडत नाहीये." रोज ती गाऊनची कड किंवा आईचं बोट मुठीत धरायची. आज मूठ सैल. मॉनिटरवर सगळं ठीक होतं. मला वाटलं झोपेत असेल. सिस्टरने मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. तिने पोटाचा घेर मोजला, तो सकाळपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त. पोटातल्या नळीतून ओढून पाहिलं तर हिरवट. दहा मिनिटांत मॅडम आल्या. एक्स-रे, रक्ताची तपासणी, दूध बंद, अँटिबायोटिक सुरू. आतड्याला सूज येऊन ते सडायला लागण्याचा एक आजार या बाळांत होतो, त्याची शंका होती. संध्याकाळी सीपॅपचा दाब वाढवावा लागला.

ते तीन दिवस वहीत फारसं काही नाही. "दूध बंद." "दूध बंद." बायको तरीही दर तीन तासांनी दूध काढत राहिली आणि बाटल्यांवर तारखा घालून फ्रीजरमध्ये ठेवत राहिली. "लागेल तिला," एवढंच म्हणायची. चौथ्या दिवशी पोट मऊ, एक्स-रे स्वच्छ. पुन्हा एक मिलिलिटरपासून सुरुवात. मॅडम तिला म्हणाल्या, "तुम्ही लवकर सांगितलंत म्हणून वेळेत हाताला लागलं." मी तेव्हा वहीतला माझा आकड्यांचा तक्ता पाहिला. मुठीसाठी त्यात रकाना नव्हता. तो त्या दिवशी आखला.

त्यानंतरचे आठवडे भराभर लिहिता येतात, जगताना तसे गेले नाहीत. चार आठवड्यांनी डोळ्यांची पहिली तपासणी झाली. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालतात, पापण्या चिमट्याने उघड्या धरतात. बघवत नाही, पण ती एकही चुकवू नये. पहिल्या टप्प्याचा दोष निघाला आणि पुढच्या तपासण्यांत तो आपोआप मागे हटला. ३४ व्या दिवशी सीपॅप निघाला आणि आम्ही प्रथमच तिचं नाक पाहिलं, पट्ट्यांशिवाय. ४० व्या दिवशी ती अंगावर ओढायला लागली. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. तिने तीन घोट घेतले आणि दमून झोपली. मी लिहिलं: तीन घोट.

कॅफिन थांबल्यावर आठ दिवस श्वास थांबला नाही, साध्या पाळण्यात अंगाची ऊब टिकली, कानांची तपासणी झाली, सगळं दूध तोंडाने जायला लागलं. ५८ व्या दिवशी १,९६० ग्रॅमच्या लेकीला घेऊन आम्ही निघालो. सिस्टरने छातीवरच्या तीन पट्ट्या काढल्या, तिथे तीन फिकट गोल खुणा राहिल्या होत्या. पोटातल्या दिवसांच्या हिशेबाने ती अजून तीन आठवडे जन्मायचीच होती, म्हणून मान धरणं, बसणं, चालणं हे सगळं पहिली दोन वर्षं त्याच हिशेबाने मोजायचं, असं मॅडमनी वहीत स्वतः लिहून दिलं.

घरी पहिल्या रात्री खोली फार शांत होती. दर तीन तासांनी उठवून पाजायचं असं सांगितलं होतं. आजवर तिचं पोट घड्याळावरच चाललेलं. आम्ही तीनचा गजर लावला आणि दिवा बारीक केला.

पावणेतीनला ती स्वतः उठली आणि भुकेने मोठ्याने रडली.