दार बंद असतानाची चार मिनिटं

एक्स-रेच्या खोलीचा एक नियम बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. नातेवाइकांना बाहेर थांबावं लागतं. दवाखान्यात म्हातारं माणूस केसपेपरपासून प्लास्टरपर्यंत कुणाच्या तरी सोबत असतं, आणि प्रश्नांची उत्तरंही सोबतचाच देतो. ते एकटं असतं फक्त माझ्या टेबलावर, तीन-चार मिनिटं.

त्या आजी ऐंशीच्या पुढच्या. चिठ्ठीवर ‘पडून मार, डावा हात’ एवढंच. मुलगा हळू आवाजात बोलणारा. वाकून त्यानंच त्यांच्या चपला काढल्या. “बाथरूममध्ये तोल गेला,” म्हणाला आणि बाहेर गेला.

कोपर ते मनगट हाताचे दोन फोटो घ्यायचे. एक तळवा वर ठेवून, दुसरा कोपर काटकोनात वाकवून, बाजूनं. दोन्हींत कोपर आणि मनगट आलंच पाहिजे, याबाबतीत मी हट्टी आहे. कोपराखालच्या दोन हाडांपैकी अल्ना मध्येच मोडली असेल तर कोपरापाशी दुसऱ्या हाडाचं, रेडियसचं, डोकं निसटलेलं असू शकतं. मॉन्टेजिया या इटालियन सर्जननं १८१४ मध्ये वर्णन केलेली ही इजा फोटो आखूड घेतला की आजही सुटते.

सांधे दोन्ही जागेवर होते. मनगट शाबूत होतं, आणि तिथंच मी अडखळले. तोल गेला की माणूस हात टेकतो आणि म्हातारं हाड मनगटाशी मोडतं. असे फोटो मी सतत काढते. इथं एकटी अल्ना मोडली होती, मधोमध, आडवी. तोंडावर येणारा मार हातावर झेलताना करंगळीच्या बाजूचं हेच हाड पुढं येतं. त्याच हाडावर तीन बोटं खाली कॅलसचा, म्हणजे मोडलेलं हाड जुळताना धरणाऱ्या नव्या हाडाचा, फुगवटा होता. काही आठवड्यांपूर्वीचं दुसरं फ्रॅक्चर, ज्याचा केसपेपरवर उल्लेखच नव्हता. दंडावर एका बाजूला चार काळेनिळे डाग, दुसऱ्या बाजूला एक.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साध्या धक्क्यानंही हात काळानिळा पडतो, आणि डागाच्या रंगावरून दिवस मोजता येत नाहीत. फर्निचरच्या कडेवर आदळूनही अल्ना मोडते. जोर कुठल्या बाजूनं आला ते फोटोत दिसतं, कुणाचा ते दिसत नाही.

म्हणून मी रोजचाच प्रश्न विचारला, “आजी, पडताना हात कसा होता? दुसऱ्या हातानं दाखवता?”

त्यांनी उजवा हात उचलून चेहऱ्यासमोर आडवा धरला. मान खाली, डोळे मिटलेले. मग डोळे उघडून त्यांनी तो हात पाहिला आणि सावकाश खाली घेतला.

“तो वाईट नाही गं. रात्र रात्र जागतो माझ्यापायी.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “अजून एक फोटो काढावा लागेल का?”

गरज नव्हती, आणि विनाकारण मी कुणाला रेडिएशन देत नाही. “नाही, झालं,” म्हटलं आणि दार उघडलं. बाहेर रांग होती.

डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं, आजींशी एकट्यानं बोला म्हटलं. “रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट देतील, तू फोटो पाठव.” निदान करणं माझं काम नाही, मान्य. पण डोळ्यांना दिसलेलं सांगणं हे कामच आहे. रेडिओलॉजिस्टनी मात्र स्पष्ट लिहिलं, दोन वेगवेगळ्या काळातली फ्रॅक्चर, सांगितलेल्या कारणाशी न जुळणारी. त्यानंतर डॉक्टरांनी विचारलं, मुलगा शेजारी उभा असताना, “आजी, घरी काही त्रास नाही ना?” असं विचारल्यावर ‘नाही’शिवाय दुसरं काय येणार? समाजसेविका पोचेपर्यंत प्लास्टर घालून दोघं निघून गेले होते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की साठीपुढच्या दर ६ माणसांपैकी एकाला वर्षभरात कसला ना कसला छळ सोसावा लागतो. माझ्या टेबलावर त्या वयाची माणसं रोज येतात. कितींची मनगटं शाबूत होती, आठवत नाही.

आजींना तपासणीच्या फोटोसाठी पुन्हा बोलावलंय. चिठ्ठ्या आल्या की आधी नाव बघते.

दुसरा फोटो नकोच होता, हे आजही म्हणेन. पण फोटो झाल्यावर प्रत्येकाला आम्ही एक वाक्य म्हणतो, “उठू नका, नीट आलाय का बघते.” त्या दिवशी फोटो पहिल्याच वेळी स्वच्छ आला, म्हणून मी ते म्हटलंच नाही.