पाकिटावर ‘मोझांबिक’ छापण्यापर्यंतची आमची वाटचाल

गोव्यात वाळपईजवळचा आमचा काजूचा कारखाना बाबांनी 1996 साली सुरू केला. भाजायला एक ड्रम, बिया फोडायला गावातल्याच बायका आणि विक्रीला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. आमच्या सत्तरी तालुक्यातली बी फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत येते. सुकवून ठेवली तरी आमच्याकडे ती दिवाळीपर्यंत संपायची आणि पुढचे तीन-चार महिने बायकांना घरी बसावं लागायचं. म्हणून बाबा मंगळूरच्या एका व्यापाऱ्याकडून मोझांबिकची बी घेऊ लागले. तिथला हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे नेमका आमच्या रिकाम्या दिवसांतला.

ती बी इतकी सहज का मिळत होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक वर्षाला दोन लाख टनांहून जास्त काजूबी पिकवत होता, जगात पहिला. 1977 ते 1992 च्या यादवीत ते सगळं ढासळलं. पुढे 1995 च्या सुमारास जागतिक बँकेच्या आग्रहावरून कच्च्या बियांवरचा निर्यात कर कमी झाला, बी भारताकडे वळली आणि तिथले काजू कारखाने बंद पडून हजारो कामगार घरी बसले. आमच्या बायकांना काम मिळालं त्यात त्यांच्या गेलेल्या कामाचा वाटा आहे. हे मी लपवत नाही.

मंगळूरचे व्यापारी झांबेझिया प्रांतात खरेदीला निघाले तेव्हा मीही सोबत गेलो. तिथे एका आजीच्या घरी ओट्यावर बसून बराच वेळ गप्पा झाल्या. व्यापाऱ्यांचा माणूस पोर्तुगीजमधून हिंदीत सांगत होता, मध्ये आजीची नात तिच्या भाषेतून पोर्तुगीजमध्ये. लढाई गावात पोचली तेव्हा आजी नवरा आणि मुलांसह चालत मलावीत गेली. त्या छोट्या देशाने तेव्हा दहा लाखांच्या आसपास मोझांबिकी लोकांना आसरा दिला होता. तिची वर्षं छावणीत गेली, धाकटी दोन मुलं तिथेच जन्मली. 1992 च्या ऑक्टोबरात रोममध्ये शांतता करार झाला. पुढच्या काही वर्षांत शेजारच्या देशांतून सतरा लाख लोक परतले. आजीचं कुटुंब 1994 मध्ये आलं.

घराच्या जागी रान होतं. काजूची झाडं मात्र उभी होती, फांद्या जमिनीला टेकलेल्या, खाली कमरेएवढं गवत. बिया पडलेल्या दिसत होत्या, पण सुरुंगांच्या भीतीने कोणी आत पाऊल टाकत नव्हतं. पहिल्या हंगामात त्यांनी फक्त मळलेल्या पायवाटेच्या कडेच्या झाडांखालच्या बिया वेचल्या आणि त्या देऊन मका व मीठ घेतलं. छावणीत जन्मलेल्या मुलांना बजावलं होतं की बी वाटेबाहेर घरंगळली तर सोडून द्यायची. हे ऐकताना मला आमच्या वाड्यावरची पोरं आठवली, काजूच्या बोंडूंमागे डोंगरभर धावणारी. मोझांबिक सुरुंगमुक्त झाल्याचं जाहीर व्हायला 2015 साल उजाडलं.

आता त्यांच्याकडे जुन्या झाडांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी पडते, मोहोर जळतो. थोरला मुलगा गंधक मारतो आणि मोकळ्या जागेत कलमं लावतो. बी उन्हात नीट वाळवलेली असते. आमच्या कातरीवर तिचे अख्खे गर चांगले निघतात.

परत आल्यावर मी पाकिटं वेगळी केली. गोव्याच्या काजूला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरची बी गोव्याची म्हणून विकणं हा सत्तरीच्या बागायतदारावर अन्याय आहेच, पण मला तो त्या आजीवरही अन्याय वाटतो. जिवावर उदार होऊन परतलेल्या माणसांनी पुन्हा उभं केलेलं पीक बिननावाने का विकावं? आमच्या एका पाकिटावर ‘सत्तरी, गोवा’ छापलेलं असतं, दुसऱ्यावर ‘झांबेझिया, मोझांबिक’. दुसरं काही दुकानदार ठेवत नाहीत, पर्यटक विचारत नाही म्हणतात. पणजीतल्या दोघांनी मात्र ठेवलं आहे आणि त्यांच्याकडून मागणी टिकून आहे.

व्यापाऱ्यांशी आता बोलणं चाललं आहे ते त्या गावाची बी वेगळ्या पोत्यांत आणण्याचं आणि हंगामाआधी थोडी उचल देण्याचं. गंधक मोहोराच्या वेळीच मारावं लागतं आणि तेव्हाच त्यांच्या हातात पैसा नसतो.