बेटावर फिरायचं कशानं?

सोलापूरच्या माणसाला रस्ता संपतो हे मुळात ठाऊकच नसतं. आमच्या गावातून कुठल्याही तोंडाला लागा. पुणं, हैदराबाद, विजापूर, तुळजापूर, अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा. रस्ता आपला चाललेलाच असतो, कंटाळायचं ते आपण. म्हणूनच की काय, अंदमानला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात पहिलं भांडण झालं ते 'तिथं फिरायचं कशानं' यावरून. रेल्वे, विमान, हॉटेल हे सगळं लेकीनं मोबाइलवर एका बैठकीत उरकलं. फिरण्याचा प्रश्न मात्र पंधरा दिवस जेवणाच्या ताटावर पडून होता.

नवऱ्याचं म्हणणं, गाडी आणि ड्रायव्हर. "सकाळी दारात हजर, रात्री दारात सोडणार. डोक्याला ताप नको." लेकीचं म्हणणं, दोन स्कूटी. मी सरकारी बस म्हटलं, तर दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी बैलगाडी म्हटलं. सासूबाई कोपऱ्यात चटणीसाठी शेंगदाणे पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणीच ना? मग आपलं सिद्धेश्वराचं देऊळ दुसरं काय आहे? तिथं कुणाला गाडी लागते?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. देऊळ तळ्यात आहे हे खरं. गड्ड्याच्या यात्रेत एवढाले सात नंदीध्वज पेलत माणसं 68 लिंगांची प्रदक्षिणा पायी करतात, हेही खरं. पण नवरा म्हणाला, "आई, तिथं एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचंय." त्यावर त्या म्हणाल्या, "मग नाव करा." आणि गंमत अशी, की शेवटी जे खरं ठरलं ते हेच.

कारण अंदमानात 'एकच गाडी शेवटपर्यंत' हा हिशोब बसतच नाही. जेट्टी आली की गाडी सुटली. पाणी ओलांडून पलीकडे गेलं की नवा गाडीवाला, नवा दर, नवी घासाघीस. पोर्ट ब्लेअरला रिक्षा केली. या गावाचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम आहे, हॅवलॉकचं 2018 पासून स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप. पण रिक्षावाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे हॅवलॉक-नीलच म्हणत होते. मला त्याचं नवल वाटलं नाही. गिरणी बंद पडून जन्म गेला तरी आम्ही अजून 'जुनी मिल' हाच पत्ता सांगतो. सेल्युलर जेलमध्ये सासूबाई सावरकरांच्या कोठडीच्या दारात बराच वेळ गजांना धरून उभ्या होत्या. तिथून निघाल्यावर रिक्षात कुणी बोललं नाही, आणि वाहनाचा वाद तेवढ्यापुरता बंद राहिला.

हॅवलॉकला जायला दोन प्रकारच्या बोटी. खासगी बोट दीड तासात पोचवते. एसी, मऊ खुर्च्या, नंबर छापलेलं तिकीट, विमानासारखाच थाट. सरकारी बोट स्वस्त, पण अडीच तास घेते. नवऱ्यानं अर्थातच पहिली निवडली. "एक तास वाचतो," म्हणाला. वाचलेल्या तासाचं तो काय करणार होता, हे मी विचारलं नाही. संसारात काही प्रश्न विचारायचे नसतात.

काचा बंद, हवा गार, आणि समुद्र त्या दिवशी जरा अंगात आल्यासारखा. बंद खोलीत बसून हलत राहण्याइतकं वाईट काही नाही. पोटाला कळतं आपण हलतोय, डोळ्यांना समोर खुर्चीची पाठ तेवढी दिसते, आणि दोघांच्या भांडणात जीव जातो. पंधराव्या मिनिटाला नवरा गप्प झाला, विसाव्या मिनिटाला पांढरा पडला. पुढच्या खुर्चीच्या खिशातली कागदी पिशवी कशासाठी असते हे त्याला समजलं. सासूबाई त्याच्या शेजारी पदर डोक्यावरून घेऊन शांत झोपल्या होत्या. मध्ये एकदा जाग्या झाल्या, आवळासुपारीची डबी त्याच्या हातात ठेवली आणि परत झोपल्या.

हॅवलॉकला उतरल्यावर लेकीनं दोन स्कूटी घेतल्याच. दिवसाला पाचशे रुपये एकीचे. गाडी ताब्यात देताना पोरानं मोबाइलवर तिची चारी बाजूंनी शूटिंग केली. कुठं ओरखडा, कुठं पोचा, आरशाचा कान कसा मोडलाय, सगळं. मुलगी बघायला आलेल्यांनीसुद्धा एवढं निरखून बघितलं नसेल. टाकीत पेट्रोल पंपापर्यंत पोचेल इतकंच. हेल्मेटच्या आत आधीच्या दहाजणांच्या डोक्यांचा मिळून एक वास. पायाखालच्या रबरात वाळू अशी बसलेली, की ती काढायला दातकोरणं लागावं. पण किल्ली फिरवली आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. वीस वर्षं सात रस्त्यावरून, भैय्या चौकातून स्कूटी काढणाऱ्या बाईला अंदमानच्या रस्त्याची काय भीती? तिथं पुढं रस्त्यावर येतं काय, तर कोंबडी.

सासूबाई माझ्या मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या. नवरा लेकीच्या मागे. एकसष्ट वर्षांचा माणूस पोरीच्या मागे हेल्मेट घालून बसला, की आपोआप शहाण्यासारखा दिसतो.

आता इथं माझा एक गुन्हा कबूल करायचा आहे. मी शाळेत भूगोल शिकवते. 'रेखावृत्ताच्या एका अंशाला चार मिनिटं' हे वाक्य मी इतक्या वर्गांकडून पाठ करून घेतलंय, की झोपेतसुद्धा म्हणेन. राधानगरचा किनारा सूर्यास्तासाठी नावाजलेला. 2004 साली 'टाइम'नं त्याला आशियातला सर्वांत सुंदर किनारा म्हटलं होतं. जेट्टीपासून तो साधारण बारा किलोमीटर. मी फर्मान काढलं, "आरामात निघू. पावणेसहाला पोचलं तरी अर्धा तास हातात." जानेवारीच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सव्वासहाला मावळतो ना, तोच हिशोब.

शिवाय रस्ता. बेट म्हटलं की ताटासारखं सपाट, अशी आपली समजूत असते. मीच वर्गात सांगते, की अंदमानची बेटं म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेची शिखरं, म्यानमारच्या आराकान योमाची पुढची शेपटी. पण वर्गात सांगणं वेगळं आणि सासूबाईंना मागे बसवून ती शिखरं चढणं वेगळं. सुपारीच्या बागा संपल्या, जंगल सुरू झालं, आणि चढावर स्कूटी अशी कुंथायला लागली की मला तिची दया आली. सासूबाई मागून म्हणाल्या, "मी उतरू का?" मी म्हटलं, "नको." पुढच्या वळणावर पुन्हा विचारलं. हे चार वेळा झालं. त्या चढांवर सायकल मारणारा एक गोरा पाहुणा आम्हाला दिसला. तो सायकल हातात धरून चालत होता आणि सायकल त्याच्यापेक्षा ताजीतवानी वाटत होती.

पावणेसहाला आम्ही राधानगरला पोचलो. वाळू पांढरीशुभ्र, झाडं उंचच उंच, आणि समोर सूर्य नाही. होता, पण तो जाऊन पंचवीस मिनिटं झाली होती. आकाशात थोडी लाली उरली होती, लग्न उरकल्यावर मांडवात अक्षता राहतात तशी. जीवरक्षक शिट्ट्या वाजवून लोकांना पाण्याबाहेर काढत होता. लेकीनं घड्याळ बघितलं, आकाश बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"आई, सोलापूर किती रेखांशावर?"

"शहात्तरच्या आसपास."

"आणि हे?"

"त्र्याण्णव." बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. सतरा अंश. सतरा चोक अडुसष्ट. प्रमाणवेळ एकच, मिर्झापूरजवळची साडेब्याऐंशीची, पण सूर्य काही तिच्यावर चालत नाही. अक्षांशाचा थोडा फरक इकडेतिकडे धरला तरी तासभर आधीच मावळणार होता तो. हे गणित मी परीक्षेत पाच मार्कांना घालते. नवरा काही बोलला नाही. बोटीतल्या कागदी पिशवीची परतफेड तो नुसत्या गालातल्या गालात हसून करत होता.

परतीचा रस्ता मिट्ट काळोखाचा होता. दिव्याचा खांब नाही, दोन्हीकडे रातकिडे, आणि स्कूटीच्या उजेडात जेमतेम पंधरा पावलं दिसणारी. मागे सासूबाईंनी हळू आवाजात रामरक्षा सुरू केली. ती माझ्या ड्रायव्हिंगबद्दलची प्रतिक्रिया होती की निव्वळ संध्याकाळची सवय, हे मी अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी एलिफंट बीच. तिथं गाडीरस्ताच नाही, एक तर बोट, नाही तर जंगलातून पायवाट. आम्ही बोटीनं गेलो, फार काही सांगण्यासारखं घडलं नाही. पण हत्तीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पूर्वी जंगलतोडीच्या कामाला इथं हत्ती आणत. लाकूड ओढून झालं, की पुढच्या बेटावर जायला हत्ती पोहत निघायचे. त्यातला राजन नावाचा शेवटचा पोहणारा हत्ती हॅवलॉकलाच होता, 2016 साली गेला. सोंड पाण्यावर काढायची आणि चार पायांनी वल्हवत राहायचं. तिकीट नाही, जेट्टी नाही, घासाघीस नाही. सासूबाईंना हे फार आवडलं. "बघ," मुलाला म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या देहाला पोटात मळमळलं नाही."

नीलला जाताना त्यानं मुकाट सरकारी बोटीचं तिकीट काढलं. उघड्या डेकवर उभं राहता येतं, वारा तोंडावर, क्षितिज समोर, आणि पोट जागच्या जागी. शेजारी कोबीची पोती, बांगडीवाली एक बाई, शाळेचा मास्तर. लेक ओरडली म्हणून बघितलं तर पाण्यातून चार-पाच उडते मासे निघाले आणि मूठभर चांदीची नाणी फेकावीत तसे लांब जाऊन पडले. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. बांगडीवालीला दिली. तिनं चटणी जिभेवर ठेवली, डोळे मोठे केले आणि अजून मागून घेतली.

नील मात्र खरोखरच सपाट. अंदमानची भाजीची परडी म्हणतात त्याला. भोपळ्याचे वेल, वांगी, मिरची, मध्ये नारळ. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहा किलोमीटर. पूर्व बंगालातून उखडून आलेल्या माणसांनी वसवलेलं बेट, आणि किनाऱ्यांची नावं सगळी रामायणातली. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. तिथं स्कूटी भाड्यानं घेणं म्हणजे देवघरातून स्वयंपाकघरात जायला रिक्षा करणं. जरा वेग दिला की बेट संपतं, मग उरलेला दिवस काय करायचं? आम्ही सायकली घेतल्या. माझ्या सायकलीला घंटी नव्हती, नवऱ्याच्या सायकलीला फक्त घंटीच धड होती. सासूबाई काठी घेऊन पायीच बाजारात गेल्या आणि दुपारी परतल्या त्या शेवग्याच्या शेंगांची जुडी, दोन घरच्या जेवणाची आमंत्रणं आणि एका सुनेच्या बाळंतपणाची सविस्तर हकिगत घेऊन. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, हे त्यांनी सहज म्हणून सांगितलं. आम्ही तेवढ्या वेळात तीन किनारे 'केले' होते. ओहोटीची वेळ चुकली म्हणून चौथा, दगडी कमानीचा, राहून गेला.

शेवटच्या दिवशी मी सूर्योदयाचं गणित कागदावर मांडलं, लेकीकडून तपासून घेतलं, आणि पाच वाजता सगळ्यांना उठवलं. सासूबाईंसाठी आदल्या दिवशीच ओळख झालेला रिक्षावाला हजर होता, भाडं घ्यायला तयार नव्हता. आम्ही तिघं सायकलवर. सीतापूरचा रस्ता सरळ जातो. दोन्ही बाजूंना दव पडलेली भाजी, कुठंतरी चूल पेटल्याचा वास, आणि नवऱ्याची घंटी कारण नसताना वाजतेय. वाटेत माझी चेन पडली. त्यानं उतरून बसवली, हात काळे करून घेतले, आणि पुसायला माझाच रुमाल मागितला.

मग डांबर संपलं. त्याच्यापुढे थोडी माती, मातीपुढे वाळू. नवरा एक पाय जमिनीला टेकवून थांबला. सोलापूरचा माणूस. त्यानं उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि टपरीवर चहाचं आधण ठेवणाऱ्या पोराला विचारलं, "बेटा, रास्ता आगे किधर जाता है?"

पोरानं त्याच्याकडे जरा काळजीनं बघितलं.

"आगे तो पानी है, अंकल."

नवऱ्यानं सायकल स्टँडला लावली, कुलूप घातलं, घरच्यासारखं दोनदा ओढून बघितलं, आणि चार चहा सांगितले.