बिनचा फोटो सगळ्यांकडे होता

जून सरत आला की आमच्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइकं वाढतात. एक, लग्नाचे फोटो मोठे करून घेणारी. दुसरी म्हणजे हातात फोन धरून परीक्षेला आल्यासारखी उभी असलेली शाळकरी पोरं, आणि मागे गाडीची किल्ली बोटावर फिरवणारी त्यांची आई. ही दुसरी माझ्या वाट्याला येतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या पूर्व भागात, सीडर रॅपिड्स शहराच्या अलीकडे, फोटो प्रिंटिंग आणि फ्रेमिंगच्या दुकानात मी काम करते. प्रिंट काढणं आणि माउंट, म्हणजे फोटोभोवती लावायचा खिडकीचा जाड पुठ्ठा, कापणं हे माझं टेबल. सांगलीला काकांच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो कापत सुट्ट्या गेल्या होत्या, त्यामुळे ब्लेडवर हात बसलेला होता. जत्रेचं शास्त्र मात्र इथे आल्यावर शिकले.

जत्रा म्हणजे काउंटी फेअर. काउंटी हा इथला जिल्हा. आयोवात 99 काउंट्या आहेत आणि उन्हाळ्यात जिकडेतिकडे या जत्रा भरतात. त्यात फोर-एच नावाच्या संघटनेतल्या मुलांचं प्रदर्शन असतं. राज्य विद्यापीठाचा कृषिविस्तार विभाग ती चालवतो, आणि चौथी ते बारावीची पोरं त्यात असतात. बाहेरच्या माणसाला त्यातल्या गाई आणि डुकरंच दिसतात, पण शेजारच्याच शेडमध्ये शिवलेले कपडे, लाकडी स्टुलं, केक आणि भिंतभर फोटो मांडलेले असतात. पहिला-दुसरा-तिसरा असा नंबर नसतो. प्रत्येक वस्तू ठरलेल्या कसोटीला लावायची आणि निळी, लाल किंवा पांढरी फीत द्यायची. चांगलं काम दहा जणांनी केलं तर दहाही जणांना निळी मिळते. निळ्यांतल्या निवडक वस्तू ऑगस्टमध्ये डेस मॉइनला राज्याच्या जत्रेत जातात.

गंमत पुढे आहे. परीक्षक एकटे बसून गुण देत नाहीत. मूल आपला फोटो घेऊन टेबलापलीकडे बसतं आणि परीक्षक त्याला विचारत जातात. का काढलास? इथेच का उभा राहिलास? पुन्हा काढायचा तर काय बदलशील? म्हणून माझा ठोकताळा असा की ज्या फोटोबद्दल पोराला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, तो कितीही देखणा असला तरी घरी ठेवावा. सूर्यास्त बहुतेक याच जातीचे निघतात. आयांना सूर्यास्त फार आवडतात. आपल्याकडच्या विज्ञान प्रदर्शनांची आठवण येते मला अशा वेळी. ज्वालामुखी बाबांनी बनवलेला, आणि पोरगं बाजूला उभं राहून पाठ केलेलं म्हणून दाखवतंय.

बाकीचं काम हिशेबाचं असतं. कॅमेऱ्याच्या फोटोचं प्रमाण तीनास दोन, प्रिंट हवा आठ बाय दहा. म्हणजे लांबीतले दोन इंच कुठून तरी जाणार, आणि नेमकं तिथेच वासराचं नाक असतं. फोनचा फोटो चारास तीन, त्यातलं कमी जातं, साधारण पाऊण इंचाला थोडं कमी. फोनच्या पडद्यावर लखलखीत दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो, कारण पडद्याला मागून उजेड असतो आणि कागदाला नसतो. चकचकीत कागदावर बोटांचे ठसे उठतात, आणि जत्रेत प्रत्येक जण बोट लावतो, म्हणून मी लस्टर, म्हणजे कमी चमकणारा कागद गळ्यात मारते. फ्रेम चालत नाही, फक्त माउंट. हे सगळं दिवसभर सांगून सांगून माझा घसा बसतो.

2021 ची गोष्ट. आदल्या वर्षी करोनामुळे राज्याची जत्रा रद्द झाली होती, त्यामुळे पोरांना भलताच उत्साह होता. आणि फोटो गेल्या जत्रेनंतर काढलेलाच हवा असा नियम असल्यामुळे त्या वर्षी सगळ्यांच्या फोनमध्ये एकच तारीख होती: 10 ऑगस्ट 2020. त्या दिवशी दुपारी डेरेचो आला. भोवरा नव्हे, सरळ रेषेत शेकडो मैल धावत जाणारं वादळ. सीडर रॅपिड्सजवळ वाऱ्याचा वेग ताशी 140 मैलांपर्यंत गेला असावा असा हवामानखात्याचा अंदाज होता, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. माणसाच्या डोक्यावरून गेलेला मका एका झटक्यात आडवा झाला. शहरात काही भागांत दोन-दोन आठवडे वीज नव्हती. आणि धान्य साठवायच्या पत्र्याच्या गोल कोठ्या, ज्यांना इथे बिन म्हणतात, त्या चेपून, उपटून शेतात येऊन पडल्या होत्या. जत्रेआधीच्या त्या आठवड्यात मी बिनचे इतके फोटो छापले की कोणता कोणाच्या शेतातला हे मला पत्रा बघून सांगता आलं असतं.

फोटो जमा करायच्या आधीचा शनिवार होता. दुपारी एक मुलगी आली, नुकतीच आठवी संपवलेली. बरोबर तिचे आजोबा. उंच, वाकलेले, बियाण्याच्या कंपनीची टोपी घातलेले. ते दारापाशीच फ्रेमचे नमुने चाळत उभे राहिले.

तिला मालिका करायची होती. एकाच गोष्टीचे तीन ते पाच फोटो एका बोर्डावर, हा वेगळा वर्ग आहे आणि माझ्या मते सगळ्यांत कठीण. तिच्याकडे पाच होते. मी ते माझ्या मॉनिटरवर उघडले.

पहिला आकाशाचा. पश्चिमेकडून येणारी काळी-हिरवी भिंत, खाली अजून ताठ उभा असलेला मका. दुसरा, तोच मका झोपलेला, सगळी कणसं पूर्वेकडे. तिसरा अर्थातच बिनचा. चौथ्यात पिकअपच्या हेडलाइटच्या उजेडात अंगणात जेवायला बसलेली माणसं. वीज गेल्यावर फ्रीझरमधलं मांस वितळायला लागलं, मग आजूबाजूच्या सगळ्यांनी मिळून ते भाजून खाल्लं, हे तिने सांगितलं. आणि पाचवा आजोबांचा. उलट्या बादलीवर बसलेत, मांडीवर चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची यंत्रकरवत, एका हातात निसटलेली साखळी, मान खाली. मागे पडलेल्या झाडाचं खोड, त्यांच्या गुडघ्यावर लाकडाचा भुसा. चेहरा अर्धाच दिसतोय.

अशा वेळी मी प्रत्येकाला एक ठरलेला प्रश्न विचारते. सगळे तूच काढलेस ना?

ती थांबली. मग म्हणाली, "आकाशाचा दादाने काढलाय."

"फोन तुझाच होता ना?" दारातून आजोबा म्हणाले. त्यांनी सहज म्हटलं होतं, लबाडी शिकवायला नव्हे.

"फोन माझा होता. पण दादा अंगणात होता. मी तळघरात होते."

नियम मला सांगावा लागला नाही. तिने स्वतःच बोट लावून तो फोटो बाजूला सारला. मालिकेचं तोंडच गेलं. वादळ येण्याआधीचं काही उरलं नाही, उरलं ते सगळं नंतरचं. मला हळहळ वाटली, कारण फोटो म्हणून तो पाचांत उजवा होता.

दुसरी अडचण आजोबांच्या फोटोची. फाइल उघडून आकडे पाहिले तर 1280 बाय 960. इंचाला 300 ठिपके धरले तर चार इंचांच्या थोडं पुढे जाईल, बस. फोनच्या कॅमेऱ्यातून थेट आलेला फोटो असा नसतो, हा मेसेजवरून फिरून आलेला दिसत होता. मूळ कुठे आहे विचारलं तर ती खालच्या आवाजात म्हणाली, मी डिलीट केला. मावशीला पाठवला होता, तिच्याकडून परत मागवला.

"का डिलीट केलास?"

तिने दाराकडे पाहिलं. एव्हाना आजोबा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे होते. हा फोटो त्या पाचांत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे जमले असताना तिने तो दाखवला होता आणि आजोबा टेबलावरून उठून गेले होते. एवढंच तिने सांगितलं. मी काही बोलले नाही. गिऱ्हाइकाच्या घरातल्या गोष्टीत काउंटरपलीकडच्या माणसाने तोंड घालू नये, हे काकांनी शिकवलं होतं.

आजोबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "त्या दिवशी साखळी तिसऱ्यांदा निसटली होती," ते मला म्हणाले. "बघणाऱ्याला वाटेल मी रडतोय."

"रडत नव्हता तुम्ही?" मुलीने विचारलं.

"घाम होता तो."

मग बराच वेळ ते मॉनिटरकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "मूळ फोटो तुझ्या आईकडे असेल. तिने तुझा फोन कॉम्प्युटरला जोडला होता ना सप्टेंबरात?"

आईला फोन लागला. तिला सापडला. तिने लगेच पाठवला, मेसेजवरून. पुन्हा 1280 बाय 960. हे दर वर्षी होतं आणि दर वर्षी मला हसू येतं. मग ईमेलने पाठवा, आकार विचारेल तेव्हा मूळ आकार निवडा, असं सावकाश सांगितलं. आला तो 4032 बाय 3024 चा. मोठा करून पाहिला तर भुश्याचा कणन् कण दिसत होता.

आता कोणते घ्यायचे? आजोबा म्हणाले, बिन घे, लोकांना बिन आवडतो. मी तिला म्हटलं, प्रत्येक फोटोबद्दल मला काहीतरी सांग, मी परीक्षक. बिनबद्दल तिने त्यात किती बुशेल (इथलं धान्याचं माप) मावतात ते सांगितलं आणि थांबली. मक्याबद्दल बरंच बोलली. विम्याचा माणूस येऊन बघून गेला, आणि मग उभं पीक, म्हणजे आडवं पीक, ट्रॅक्टरमागे थाळ्यांचं अवजार फिरवून मातीत गाडावं लागलं. जेवणाच्या फोटोबद्दल तर सुटलीच: कोण कुठे बसलंय, दिव्याचा उजेड पाठीमागून यावा म्हणून ती कुठे सरकली, फोन हलू नये म्हणून कशाला टेकवला. आजोबांच्या फोटोबद्दल म्हणाली, "मी त्यांना न विचारता काढला. विचारलं असतं तर त्यांनी मान वर केली असती."

बिन गेला. आजोबांनी खांदे उडवले.

तीन फोटो, तिन्ही उभे. जेवणाचा फार काळा होता. तो थोडा उजळला. एवढं सगळे करतात, त्यात कोणाची हरकत नसते. पण त्यात डाव्या कडेला बिअरचा एक चकाकता डबा अर्धा आला होता. ती म्हणाली, पुसून टाका. सॉफ्टवेअरमध्ये क्षणाचं काम आहे. पण आमच्याकडच्या नियमावलीप्रमाणे फोटोत असा बदल केला तर मूळ फोटोही सोबत लावावा लागतो, आणि तीन फोटोंच्या बोर्डावर चौथा, डबा दाखवणारा, म्हणजे हसंच. पाच बाय सात करताना चारास तीनच्या फोटोतून बाजूचा पाव इंच तसाही कमी होतो. आम्ही सगळी कात्री डावीकडूनच लावली, चौकट आणखी केसभर आत घेतली, आणि डबा गेला. एका काकांचं कोपर त्याबरोबर गेलं. तिची हरकत नव्हती.

तिला बोर्ड हिरवा हवा होता, फोर-एचच्या चिन्हातल्या चौपानी क्लोव्हरचा हिरवा. हिरव्या कडेत माणसांचे चेहरे आजारी दिसतात. तिला विश्वास बसेना, म्हणून हिरवा आणि फिका पांढरा असे दोन तुकडे प्रिंटवर आळीपाळीने ठेवून दाखवले. पांढरा ठरला. सोळा बाय वीसच्या बोर्डात पाच बाय सातचे तीन छान बसतात. मधल्या फटी एकेक इंचाच्या, दोन्ही बाजूंना दीड, वर चार आणि खाली पाच. खाली जास्त सोडलं नाही तर फोटो घसरल्यासारखे दिसतात. खिडक्या प्रिंटपेक्षा चोहोबाजूंनी एक अष्टमांश इंच लहान. शेवटची खिडकी तिलाच कापायला दिली. पंचेचाळीस अंशांत तिरकं पातं, बोर्ड उलटा, रेघेच्या जरा पुढे जाऊन थांबायचं. जीभ दातांत धरून तिने कापली. एका कोपऱ्यात पातं सुतभर पुढे गेलं. ती म्हणाली, राहू दे, विचारलं तर सांगेन मी कापलंय म्हणून.

सोबतच्या कागदावर उद्दिष्ट लिहायचं असतं: काय ठरवलं, काय केलं, काय शिकलात. तिथे मी पेनला हात लावत नाही, कितीही विनवण्या केल्या तरी. तिने आधी "वादळाचं नुकसान दाखवणे" असं लिहिलं होतं. ते खोडून लिहिलं, "वादळ गेल्यावर आमच्या घरी काय चाललं होतं ते दाखवणे."

जत्रेनंतर दोघं पुन्हा आली. लाल फीत मिळाली होती. मला विचाराल तर ती मालिका निळीच्या लायकीची होती. पण अंधारातल्या फोटोत दाणे उठलेत हे परीक्षकांचं म्हणणं खरं होतं, मलाही प्रिंट काढताना ते दिसलं होतं. वादळाआधीचा एखादा फोटो का नाही, असंही विचारलं होतं. तिने काय ते सांगून टाकलं. परीक्षक म्हणाले, भाऊ फोर-एचमध्ये आहे का? नाही, त्याला फोटोंचा कंटाळा येतो.

आजोबांना मात्र वेगळं काम होतं. त्यांना आकाशाचा फोटो हवा होता, मोठा, काचेसकट फ्रेम करून, मशीन शेडमध्ये लावायला. आणि खाली नातवाचं नाव. शेडमध्ये काच नको, अॅक्रिलिक घ्या, ट्रॅक्टरच्या हादऱ्याने काच तडकते, असं मी म्हटलं. अॅक्रिलिकचा भाव ऐकून त्यांनी टोपी मागे सारली आणि बिनचा फोटो यात फुकट बसतो का, ते विचारलं.